बाळाची भाषा आणि घरातला खेळ : कुंभकोणमचे उदाहरण

(शाळेच्या हीरक महोत्सवी वर्षानिमित्त पालक व माजी विद्यार्थी यांच्या मेळाव्यात झालेले व्याख्यान)



मराठी माध्यमाची शाळा हीरक महोत्सवापर्यंत येऊन पोहोचते, तेव्हा तिच्या वाटचालीचे कौतुक होते, तसेच पुढच्या वाटचालीची चिंताही व्यक्त होते. पटसंख्या, अनुदान, इमारत, इंग्रजी माध्यमाची ओढ हे त्या चिंतेचे नेहमीचे विषय आहेत आणि त्यांवर बोलणारे पुष्कळ आहेत. आजच्या व्याख्यानाचा विषय मात्र शाळेच्या फाटकाबाहेरचा, किंबहुना मूल शाळेत येण्याच्या आधीचा आहे. मूल बालवर्गात पाऊल टाकते तेव्हा त्याची भाषा कोरी नसते. तोवर त्याने हजारो तास बोलणे ऐकलेले असते, शेकडो शब्द आपलेसे केलेले असतात आणि वाक्य कसे जुळवायचे हे कोणत्याही व्याकरणाविना आत्मसात केलेले असते. हा सारा अभ्यास घरात होतो आणि तो बहुतांशी खेळातून होतो. एक ते तीन या वयात घरातील माणसे बाळाशी ज्या भाषेत खेळतात, ती भाषा त्याची होते. जी भाषा त्याच्या कानावरून नुसती जाते, ती परकी राहते. हे विधान पडताळून पाहण्यासाठी महाराष्ट्रापासून दूर, कावेरीच्या काठी जावे लागेल.

तमिळनाडूतील कुंभकोणम हे कावेरी आणि अरसलार या दोन नद्यांच्या मधले देवळांचे गाव आहे. दर बारा वर्षांनी भरणारा महामहम हा स्नानसोहळा, विड्याची पाने, पितळेची भांडी आणि फिल्टर कॉफी यांसाठी ते ओळखले जाते. गणितज्ञ श्रीनिवास रामानुजन यांचे बालपण याच गावात गेले. येथून सुमारे चाळीस किलोमीटरवरील तंजावर येथे इ.स. 1675च्या सुमारास शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी आपली सत्ता स्थापन केली. भोसल्यांचे हे राज्य पुढे 1855पर्यंत कोणत्या ना कोणत्या रूपात टिकले. राज्याबरोबर कारकून, शास्त्री, कीर्तनकार, शिपाई आणि त्यांची कुटुंबे आली आणि कावेरीच्या खोऱ्यात स्थायिक झाली. त्रावणकोर, इंदूर आणि बडोदे या तीन संस्थानांचे दिवाणपद भूषविणारे सर टी. माधवराव हे 1828 साली कुंभकोणम येथे अशाच एका मराठी देशस्थ कुटुंबात जन्मले.

राज्य होते तोवर मराठीला दरबाराचा आधार होता. सरफोजी राजे दुसरे यांच्या काळात, 1803 साली, तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला. याच राजांच्या छापखान्यात 1806 साली ‘बालबोधमुक्तावली’ या नावाने इसापच्या गोष्टी मराठीत छापल्या गेल्या. मराठीतील अगदी आरंभीच्या छापील पुस्तकांपैकी एक पुस्तक मुलांसाठी असावे आणि ते कावेरीकाठी छापले जावे, ही बाब प्रत्येक मराठी शाळेच्या ग्रंथालयात लिहून ठेवण्याजोगी आहे.

1855 नंतर तो आधार गेला. कचेरीची भाषा इंग्रजी झाली, बाजाराची आणि शाळेची तमिळ किंवा इंग्रजी. देवनागरी लिपीही अनेक घरांतून हळूहळू मागे पडली आणि घरातले मराठी निरोप तमिळ लिपीत लिहिले जाऊ लागले. तरीही त्या परिसरातील अनेक कुटुंबांत मराठी बोलली जात राहिली. शेजारचे तमिळ लोक या मंडळींना ‘रायर’ म्हणतात आणि अभ्यासक त्यांच्या बोलीला तंजावर मराठी म्हणतात. तिच्यात तमिळ शब्द आले, वाक्याची ढब बदलली, पण काही जुनी मराठी रूपेही तिने जपली. पाठ्यपुस्तक, वर्तमानपत्र, दुकानावरची पाटी यांपैकी काहीही हाताशी नसताना ही भाषा पिढ्यान्‌पिढ्या उतरत आली. ती उतरली ती स्वयंपाकघरातून, झोपाळ्यावरून आणि आजीच्या मांडीवरून. रांगत्या बाळाशी त्या भाषेत कोणीतरी बोलत होते, त्याला हसवत होते, भरवत होते, रुसवा काढत होते, एवढाच तिचा आधार होता.

या भाषेची पीछेहाट झाली तीही याच जागी. नोकरीनिमित्त कुटुंबे चेन्नई, बंगळूर किंवा परदेशी गेली, घरे लहान झाली, आजी-आजोबा दूर राहिले. आई-वडील आपापसांत मराठी बोलत राहिले, पण बाळाशी तमिळमध्ये किंवा इंग्रजीत बोलू लागले. अशा घरातील मूल मोठ्यांची मराठी समजते, मात्र उत्तर दुसऱ्या भाषेत देते. पुढे त्याला स्वतःचे मूल झाले की त्या मुलाशी बोलायला मराठी उरलेली नसते. तीन शतके टिकलेली भाषा एखाद्या घरातून नाहीशी व्हायला एक पिढी पुरते. त्यासाठी कोणाचा विरोध लागत नाही. बाळाशी होणारा खेळ दुसऱ्या भाषेत गेला, इतके पुरेसे होते.

महाराष्ट्रातील पालकांनी हे उदाहरण परक्याचे समजू नये. येथे मराठीला शाळा आहेत, वर्तमानपत्रे आहेत, राज्यभाषेचा मान आहे. परंतु अनेक सुशिक्षित घरांत दीड वर्षाच्या बाळाशी होणारे बोलणे ऐकावे. ‘वॉटर हवं?’, ‘डॉगी बघ’, ‘हँड वॉश कर’, ‘नोज कुठे आहे, दाखव’. इंग्रजी शब्द कानावर पडल्याने बाळाचे नुकसान होते असे मुळीच नाही. नुकसान वेगळ्या कारणाने होते. पालकांना स्वतःला इंग्रजीत थट्टा करता येत नसेल, रागवून पुन्हा जवळ घेता येत नसेल, गोष्ट रंगवून सांगता येत नसेल, तर त्यांचे बाळाशी होणारे बोलणे वस्तूंची नावे आणि आज्ञा एवढ्यापुरते आक्रसते. जे बोलणे भरभरून व्हायला हवे ते तुटपुंजे होते आणि बाळाच्या वाट्याला ना धड मराठी येते ना धड इंग्रजी.

या वयात घरच्या बोलण्याला एवढे महत्त्व का, याची उत्तरे गेल्या काही दशकांतील संशोधनाने दिली आहेत. कॅनडातील जॅनेट वर्कर आणि रिचर्ड टीस यांनी 1984 साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यासाठी त्यांनी निवडलेल्या ध्वनींत हिंदीतील ‘त’ आणि ‘ट’ यांची जोडी होती. इंग्रजी भाषक घरांतील सहा ते आठ महिन्यांची बाळे या दोन ध्वनींतला फरक सहज ओळखत होती, पण दहा ते बारा महिन्यांची बाळे तो जवळजवळ ओळखेनाशी झाली होती. जो फरक आजूबाजूला ऐकू येत नाही, त्याकडे कान वर्षाच्या आतच दुर्लक्ष करू लागतो. मराठीतील ‘ताट’ या एका शब्दात हे दोन्ही ध्वनी आहेत. कुंभकोणमच्या बाळाला ‘त’, ‘ट’ आणि ‘ळ’ हे तिन्ही ध्वनी मराठीतूनही मिळतात आणि तमिळमधूनही. मराठी घरातील बाळाला ते जेवणाच्या ताटावर रोज मिळू शकतात, मात्र तेथे ते शब्द उच्चारले गेले पाहिजेत.

दुसरा प्रयोग अमेरिकेतील पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा, 2003 सालचा. नऊ महिन्यांच्या अमेरिकन बाळांशी चिनी भाषा बोलणाऱ्या व्यक्ती बारा वेळा येऊन खेळल्या, पुस्तके वाचून दाखवू लागल्या. या बाळांनी चिनी ध्वनींतील फरक ओळखण्याचे कौशल्य मिळवले. त्याच व्यक्ती, तेच बोलणे, पण चित्रफितीवर किंवा नुसत्या ध्वनिफितीवर ज्या बाळांनी अनुभवले, त्यांना काहीच शिकता आले नाही. तिसरा अभ्यास रेचल रोमिओ आणि सहकाऱ्यांचा, 2018 सालचा. चार ते सहा वर्षांच्या 36 मुलांच्या घरचे बोलणे त्यांनी ध्वनिमुद्रित केले. मुलाने एकूण किती शब्द ऐकले यापेक्षा मोठ्यांशी त्याची बोलण्याची देवाणघेवाण किती वेळा झाली, याचा मेंदूच्या भाषाविषयक भागाच्या कार्याशी अधिक जवळचा संबंध दिसला. घरची मिळकत आणि पालकांचे शिक्षण हे घटक वेगळे काढूनही हा संबंध टिकला. याचा अर्थ असा की बाळासमोर बोलत राहणे पुरेसे नाही, बाळाशी बोलले पाहिजे आणि त्याला उत्तर देऊ दिले पाहिजे. ज्या घरात खर्चाला पैसा कमी आहे, त्या घरालाही हे पूर्णपणे शक्य आहे.

मराठी घरांकडे या कामासाठी एक तयार साधनही आहे. माऊ, भूभू, चिऊ, काऊ, हम्मा, मंमं, जोजो, भुर्र, बाऊ हे शब्द पुष्कळ पालकांना आज अडाणीपणाचे वाटतात. भाषाशास्त्रज्ञ अशोक केळकर यांनी 1964 साली मराठीतील या बाळबोलीचा स्वतंत्र अभ्यास प्रसिद्ध केला. त्याच वर्षी चार्ल्स फर्ग्युसन या अमेरिकन अभ्यासकाने सहा भाषांतील बाळबोलींची तुलना केली आणि त्या सहांत मराठी होती. छोटे शब्द, अक्षरांची पुनरुक्ती, ओठांनी सहज उच्चारता येणारे ध्वनी ही या बोलीची वैशिष्ट्ये आहेत. बाळाला पहिला शब्द उच्चारण्यासाठी जी सोपी पायरी हवी, ती तिच्यात आहे. मात्र पायरीवरच बसून राहू नये. बाळ ‘भूभू’ म्हणाले की आईने ‘हो, भूभू. काळा कुत्रा झोपलाय’ असे म्हणावे. बाळाचा शब्द मान्य होतो आणि पुढचा शब्दही त्याच्या कानावर पडतो. चूक दाखवून देण्याची, ‘भूभू नाही, कुत्रा म्हण’ असा आग्रह धरण्याची गरज नसते.

आता प्रत्यक्ष खेळांकडे वळावे. यांपैकी एकाही खेळाला विकतचे साहित्य लागत नाही आणि दिवसाचा वेगळा वेळही काढावा लागत नाही.

पहिला खेळ बाळाच्या नजरेमागे जाण्याचा. बाळ जे पाहत असेल किंवा ज्याकडे बोट दाखवत असेल, त्याचेच नाव घ्यावे आणि त्याविषयी एक-दोन छोटी वाक्ये बोलावीत. बाळ पंख्याकडे पाहत असताना त्याला चित्रातला हत्ती दाखवण्याची घाई करू नये. ज्या क्षणी मन एखाद्या वस्तूवर असते, त्या क्षणी आलेला शब्द तिला चिकटतो.

दुसरा खेळ थांबण्याचा. पदराआडून ‘बुवा कुक्’ करताना पदर दूर करण्याआधी थोडे थांबावे. झोपाळ्याला झोका देण्याआधी हात थांबवावा. बाळ बाळाच्या परीने हुंकार, हात, नजर किंवा अर्धा शब्द देईल, तेव्हाच झोका द्यावा. मोठ्यांना चार-पाच सेकंदांची शांतता लांब वाटते, पण बाळाला उत्तर जुळवायला तेवढा वेळ लागतो. बोलणे म्हणजे पाळीपाळीने करायची गोष्ट आहे, हा भाषेचा पहिला नियम येथे शिकला जातो. कुंभकोणमच्या जुन्या घरांतील लाकडी झोपाळ्याने हा नियम कितीतरी पिढ्यांना शिकवला असेल.

तिसरा खेळ स्वयंपाकघरातला. वाटी, पळी, डाव, चमचा, ताट, पाट, पोळपाट ही बाळाची पहिली खेळणी असतात. मराठीत वस्तूंना तीन लिंगे आहेत आणि विशेषण त्यांप्रमाणे बदलते. मोठा चमचा, मोठी वाटी, मोठे ताट. तमिळमध्ये निर्जीव वस्तूंत असा भेद नाही, सर्व वस्तूंना एकच सर्वनाम चालते. म्हणून कुंभकोणमच्या मुलाला ‘तो, ती, ते’ यांची जाण केवळ घरच्या मराठीतूनच येऊ शकते, गल्लीतून नव्हे. इंग्रजी वाक्यात एकेक मराठी शब्द किंवा मराठी वाक्यात एकेक इंग्रजी शब्द मिळणाऱ्या शहरी मुलाचीही तीच स्थिती होते. त्याने ‘वाटी’ हा शब्द ऐकलेला असतो, पण ‘छोटी वाटी मोठ्या वाटीत ठेव’ असे पूर्ण वाक्य ऐकलेले नसते. भांडी एकात एक घालताना, झाकण लावताना, ‘आत’, ‘वर’, ‘खाली’, ‘मागे’ हे शब्द हातांबरोबर येऊ द्यावेत. हे व्याकरण शाळेत पाचव्या इयत्तेत समजावून सांगता येते, रुजवता मात्र येत नाही.

चौथा खेळ वाटून खाण्याचा. मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये तो असतो. तमिळमध्येही असाच भेद आहे, इंग्रजीत नाही. केळ्याचे तुकडे करून ‘हा आईचा, हा बाबांचा, हा बाळाचा, आता आपण सगळे खाऊ’ असे म्हणताना बाळाला हा फरक कोणी समजावून सांगत नाही. आपण या शब्दात आपल्यालाही धरले आहे, हे त्याला केळे हातात पडल्यावर कळते.

पाचवा खेळ भातुकलीचा. दीड ते दोन वर्षांच्या सुमारास बाळ रिकाम्या कपातून चहा पिऊ लागते, बाहुलीला भरवू लागते. एका वस्तूला दुसरी वस्तू मानणे आणि ध्वनीला वस्तू मानणे या दोन क्षमता एकमेकींच्या सख्ख्या बहिणी आहेत. म्हणून या खेळात मोठ्यांनी पाहुणे म्हणून यावे. ‘भात शिजला का? मला थोडा वाढा’ असे म्हणावे आणि यजमानाच्या उत्तराची वाट पाहावी. तमिळनाडूतील घरांत नवरात्रात पायऱ्यांवर बाहुल्या मांडून गोलू सजवला जातो. मांडताना कोणती बाहुली कुठे बसली, कोणाच्या शेजारी बसली, याची चर्चा लहान मुलांच्या उपस्थितीत चालते. मान डोलावणारी तंजावरची बाहुली तर प्रत्येक प्रश्नाला होकार देते, तेव्हा तिला विचारायला बाळाला प्रश्न सुचतातच. महाराष्ट्रातील घरांत हेच काम दिवाळीचा किल्ला आणि त्यावरची मातीची चित्रे करू शकतात.

सहावा खेळ गोष्टीचा. चिमणी आणि कावळ्याची गोष्ट मराठी घरांत का टिकली, याचा विचार करावा. कावळ्याचे घर शेणाचे, चिमणीचे मेणाचे. या दोन शब्दांत एकाच ध्वनीचा फरक आहे आणि सारी गोष्ट त्या फरकावर उभी आहे. पावसात भिजलेला कावळा दार वाजवतो आणि चिमणी दर वेळी बाळाचे काही ना काही काम सांगून त्याला थांबवते. तिसऱ्या-चौथ्या वेळेस सांगणाऱ्याने गप्प राहावे, चिमणीचे उत्तर मूल देते. त्याने उत्तर बदलले, चिमणीच्या बाळाला मोबाईल हवा आहे असे सांगितले, तर तेही गोष्टीत घ्यावे. तीच गोष्ट पन्नासाव्यांदा सांगण्याचा कंटाळा मोठ्यांना येतो, मुलाला येत नाही. पुनरावृत्तीमुळेच पुढे काय येणार हे त्याला ठाऊक असते आणि ठाऊक असल्यामुळेच ते बोलण्याचे धाडस करते. चित्रांचे पुस्तक पाहतानाही मजकूर वाचून संपवण्यापेक्षा ‘हा कुठे निघाला असेल?’ असे विचारत रेंगाळणे अधिक फलदायी ठरते.

या खेळांबाबत एक सावधगिरी आवश्यक आहे. चिंचोके, गोट्या, मणी, शेंगदाणे अशा लहान वस्तू तीन वर्षांखालील मुलाच्या हाती खेळायला देऊ नयेत. त्या घशात अडकण्याचा धोका असतो. धान्य चाळणे किंवा निवडणे यांसारख्या खेळात मोठे माणूस शेजारी बसलेले हवे.

पालकांच्या मनातील काही शंकांनाही येथे उत्तर द्यायला हवे. दोन भाषा एकदम कानावर पडल्या तर बाळ गोंधळेल का? बाळे गोंधळत नाहीत. एका वाक्यात दोन भाषांचे शब्द येणे ही दोन भाषांत वाढणाऱ्या मुलांची स्वाभाविक अवस्था आहे. अशा मुलाचे शब्द मोजायचे तर दोन्ही भाषांतील शब्द एकत्र मोजावेत. कुंभकोणमची मराठी मुले पिढ्यान्‌पिढ्या दारात तमिळ आणि माजघरात मराठी बोलत आली आणि दोन्हींत तरबेज झाली. ज्या घरात आई एक भाषा बोलते आणि वडील दुसरी, तेथे दोघांनीही आपापली भाषा मोकळेपणाने बोलावी. आजी गावाकडची मराठी बोलत असेल, तर तिला ‘शुद्ध बोल’ म्हणून गप्प करू नये. प्रमाण भाषा शाळा शिकवील. आजीच्या बोलीतले शब्द मात्र शाळा शिकवू शकणार नाही.

मोबाईलवरच्या मराठी गाण्यांनी काम भागेल का? वर सांगितलेल्या प्रयोगाचे उत्तर स्पष्ट आहे. जागतिक आरोग्य संघटनेनेही 2019च्या मार्गदर्शक सूचनांत दोन वर्षांखालील मुलांसाठी पडद्यासमोर बसण्याचा वेळ नसावा आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांसाठी तो दिवसाला एका तासापेक्षा अधिक नसावा, असे म्हटले आहे. जेवण भरवताना हाती मोबाईल दिला की जेवण लवकर उरकते हे खरे. परंतु त्याबरोबर दिवसातून तीन वेळा होऊ शकणारे संभाषणही उरकले जाते. दूर राहणाऱ्या आजी-आजोबांशी व्हिडिओ कॉलवर होणारे बोलणे याहून वेगळे आहे. तेथे समोरचे माणूस बाळाच्या हसण्याला हसते आणि हाकेला ओ देते.

मूल उशिरा बोलते, तर थांबावे का? ‘याचे वडीलही उशिरा बोलले होते’ या दिलाशावर वर्ष घालवू नये. बारा महिन्यांपर्यंत बडबड किंवा बोट दाखवणे नसेल, सोळा महिन्यांपर्यंत एकही शब्द नसेल, दोन वर्षांपर्यंत स्वतःहून जुळवलेली दोन शब्दांची जोडी नसेल, किंवा येत असलेले शब्द कोणत्याही वयात नाहीसे होऊ लागले, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि कानांची तपासणी करून घ्यावी. ऐकण्यातील दोष जितका लवकर सापडेल, तितके त्यावरील उपचाराचे फळ चांगले मिळते.

महाराष्ट्राला हा विचार नवा नाही. ताराबाई मोडक यांनी गिजुभाई बधेका यांच्याबरोबर बालशिक्षणाचे काम केले, आणि 1945 साली बोर्डी येथे सुरू झालेले त्यांचे कार्य पुढे कोसबाडच्या टेकडीवर अनुताई वाघ यांच्यासह विस्तारले. आदिवासी वस्तीत पाने, बिया, शंख-शिंपले, माती यांतून शैक्षणिक साहित्य उभे राहिले. मुले शाळेत येत नसतील तर अंगणवाडीने मुलांच्या अंगणात जावे, हा त्यांचा आग्रह होता. शिक्षण मुलाच्या घराजवळ आणि त्याच्या बोलीजवळ जावे, हे त्यामागचे तत्त्व. 2020च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही तीन ते आठ या वयाला पायाभूत टप्पा मानले आणि शक्य तेथे किमान पाचवीपर्यंत घरची भाषा शिक्षणाचे माध्यम असावी, असे म्हटले. धोरणातील शालेय रचना तीन वर्षांपासून आरंभ करते. त्याआधीची तीन वर्षे मुख्यतः घराची असतात. ती आई, वडील, आजी, आजोबा, मामा, आत्या आणि शेजारी यांच्या हाती आहेत.

हीरक महोत्सवी शाळेचे माजी विद्यार्थी आज देशात आणि परदेशांत विखुरलेले आहेत. त्यांतील अनेकांची मुले आणि नातवंडे आता रांगत्या-चालत्या वयाची असतील. त्यांपैकी पुष्कळांना मराठी माध्यमाची शाळा उपलब्ध नसेल, जशी ती कुंभकोणमच्या कुटुंबांना उपलब्ध नव्हती. त्यांनी शाळेच्या अभावी हताश होऊ नये. जेवताना, न्हाऊ घालताना आणि झोपवताना बाळाशी मराठीत खेळण्याचा निश्चय केला, तरी भाषा पुढच्या पिढीच्या तोंडी राहील. ज्यांच्या घराजवळ ही शाळा आहे, त्यांनी आपले मूल येथे घालावे, अशी अपेक्षा शाळेने बाळगणे स्वाभाविक आहे. पण ते मूल मराठीत हसून, रुसून, हट्ट करून, चिऊ-काऊला उत्तरे देऊन आलेले असेल, तरच शिक्षकांच्या श्रमांना अर्थ येईल. शाळा वाचायला आणि लिहायला शिकवते. वाचण्यालिहिण्याजोगे मनात काहीतरी असणे, ही घराची देणगी आहे.